पेढीच्या पुलापासून परळपर्यंत

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वलगाव येतं. गावाजवळ पेढी नदी आणि तिच्यावर पूल. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना गाडगेबाबांनी या पुलावर देह ठेवला. त्याच्या एकोणपन्नास दिवस आधी, 1 नोव्हेंबरला, वऱ्हाडाचं राज्य बदललं होतं. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून वऱ्हाडचे जिल्हे निघाले आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाले. वलगावच्या कास्तकाराला त्याचं काय? तलाठी तोच, सावकार तोच, कपाशीचा भाव ठरवणारेही तेच. फरक पडला तो मोठ्या दुखण्याला. तोवर जड आजाराची धाव नागपूरपर्यंत असायची. आता बडनेऱ्याला मेलमध्ये बसून साडेसहाशे किलोमीटर पलीकडे जिथे उतरायचं ती मुंबईही आपल्याच सरकारची झाली.

त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसला ह्यू एडमंडसन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञानं तान्ह्या आणि लहान मुलांच्या यकृतातल्या गाठींवर एक निबंध छापला. त्यात 14 वर्षांच्या एका मुलीची गाठ होती. तिच्या यकृताला दुसरा काहीही रोग नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली मोठाल्या गुलाबी पेशी आणि त्यांच्यामधून समांतर गेलेले तंतूंचे पदर दिसत होते. नेहमीच्या यकृत-कर्करोगात असं चित्र दिसत नाही. पुढे 1980 मध्ये या प्रकाराला वेगळा रोग म्हणून मान्यता मिळाली आणि फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हे नाव रूढ झालं.

वलगावचा पूल आणि लॉस एंजेलिसची प्रयोगशाळा यांचं साल एक आहे, बाकी नातं काही नाही. तरी या दोन्हींतून निघालेले धागे नंतर मुंबईत एकमेकांत गुंतले. दुर्मीळ यकृत-कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेचा वऱ्हाडापुरता इतिहास सांगायचा तर एडमंडसनइतकंच गाडगेबाबांचंही नाव घ्यावं लागतं.

बाबांच्या कहाणीची सुरुवातही एका बिघडलेल्या देहापासून होते. त्यांचं मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा पोर जेमतेम आठ वर्षांचं. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. पुढे देबूजींनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत मोडून गोडाचं जेवण घातलं. जातभाई रुसले, ते बधले नाहीत. 1905 च्या फेब्रुवारीत घर सोडलं आणि उरलेला जन्म खराटा, कीर्तन आणि धर्मशाळा यांत घातला. दारूवर त्यांच्याइतकं सडकून बोलणारा कीर्तनकार वऱ्हाडानं दुसरा पाहिला नाही.

दारूचा उल्लेख इथे उगाच आलेला नाही. नेहमीचा यकृत-कर्करोग बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या यकृतात उगवतो. दारूनं किंवा कावीळ ब आणि क यांच्या विषाणूंनी यकृत वर्षानुवर्षं जळत राहतं, कडक होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात, आणि त्या राखेत गाठ धरते. दुर्मीळ प्रकारांचं तसं नाही. फायब्रोलॅमेलर येतो तो दहा ते पस्तीस वयाच्या धडधाकट माणसाला. हेपॅटोब्लास्टोमा येतो तीन वर्षांच्या आतल्या लेकराला. यांच्यापैकी कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नसतं. पण गावात ‘लिव्हरचा कॅन्सर’ म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर आधी बाटली शोधते. घरच्यांना रोगासोबत हा आळही सोसावा लागतो, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या आईबापांनी तो सोसावा यासारखा अन्याय नाही.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीनं मात्र या फरकात मोठी आशा आहे. शरीरातल्या मोठ्या अवयवांपैकी कापल्यावर पुन्हा भरून येणारा अवयव यकृतच. 1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून दाखवला होता आणि तो काही दिवसांतच भरून आला होता. निरोगी माणसाचं यकृत साधारण एक-चतुर्थांश जरी शिल्लक राहिलं तरी तो निभावतो. सिरॉसिसच्या यकृताला निम्म्याच्या आसपास ठेवावं लागतं, कारण जळालेला भाग वाढत नाही. म्हणजे दारुड्याच्या यकृतात लहान गाठीलाही हात लावताना सर्जन दहादा विचार करतो आणि फायब्रोलॅमेलरच्या रुग्णाची नारळाएवढी गाठ अर्ध्याहून अधिक यकृतासकट काढायला धजतो. हा रोग केमोथेरपीला फारसा जुमानत नाही. गाठ पुरती निघाली तर आयुष्य आहे.

‘पुरती निघाली तर’ या तीन शब्दांसाठी सर्जनांची सत्तर वर्षं गेली.

अडचण रक्ताची. यकृतात रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी, आणि दुसरी आतड्यांकडून येणारी जाड पोर्टल शीर, जिच्यातून तीन-चतुर्थांश रक्त वाहतं. ते बाहेर पडतं मागच्या बाजूनं, तीन मोठ्या शिरांतून, थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत. सगळा अवयव म्हणजे रक्तानं भिजलेला दीड किलोचा स्पंज. त्यात टाका घातला की धागा मांस कापत जातो. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखनं 1888 मध्ये एका बाईच्या यकृताच्या डाव्या बाजूला लोंबणारा 370 ग्रॅमचा गोळा काढला. हाच तो माणूस, ज्यानं 1882 मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढलं होतं. यकृत कापलं खरं, पण रक्त थांबेना म्हणून पोट पुन्हा उघडावं लागलं. बाई जगली. अशी धाडसं पुढेही होत राहिली, कुणी जगलं, बरेच गेले.

1908 मध्ये ग्लासगोच्या जेम्स प्रिंगलनं एक साधी युक्ती छापली. यकृताकडे जाणारी धमनी, पोर्टल शीर आणि पित्तनलिका एकाच पडद्याच्या कडेतून जातात. ती कड बोटांच्या चिमटीत धरली की आत येणारं रक्त थांबतं. गंमत अशी की ज्या जखमींवर प्रिंगलनं शस्त्रक्रिया केल्या ते वाचले नाहीत. युक्ती सिद्ध झाली ती सशांवर. आज जगातल्या कुठल्याही यकृत-शस्त्रक्रियेत ही चिमटी, आता बोटांऐवजी पट्टीची, हाताशी तयार असते. साधारण पंधरा मिनिटं आवळायची, पाच मिनिटं सोडायची.

रक्त थोपवता आलं तरी कापायचं कुठून, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेरून पाहिलं तर यकृताला एक पडदा उभा विभागतो, म्हणून सगळे त्यालाच हद्द मानत. जेम्स कँटली या डॉक्टरला एका शवात उजवा भाग आक्रसलेला आणि डावा फुगलेला दिसला, आणि त्या दोहोंमधली सीमा त्या पडद्यावर नव्हतीच. ती पित्ताशयापासून महाशिरेकडे जात होती. 1897 मध्ये त्यानं ती रेघ मांडली. कँटलीची ओळख चिनी लोकांना वेगळी आहे. हाँगकाँगला तो सुन यत्-सेनचा शिक्षक होता आणि 1896 मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत कोंडून ठेवलेल्या आपल्या या विद्यार्थ्याला त्यानंच ओरड करून सोडवलं. चीनची क्रांती आणि यकृताची मधली रेघ एकाच माणसाच्या नावे असावी, हा इतिहासाचा तिरकसपणा मला आवडतो.

कँटलीच्या रेघेनं दोन भाग झाले. बारकावे आणखी चाळीसेक वर्षांनी उलगडू लागले, आणि तेही आधी पॅरिसमध्ये नव्हे, हनोईत. फ्रेंचांच्या ताब्यातल्या व्हिएतनाममध्ये तोन थात तुंग नावाचा तरुण शवचिकित्सा करायचा. जंतांनी ठासून भरलेल्या पित्तनलिका असलेलं एक यकृत त्याच्या हाती आलं. नलिका फुगलेल्या असल्यानं त्यांच्या फांद्या दिसत होत्या. त्यानं आजूबाजूचं मांस खरवडून काढलं आणि शिरा-नलिकांचं आतलं झाड उघडं केलं. मग पुढे दोनशेच्या वर यकृतं त्यानं अशी खरवडली. 1939 च्या प्रबंधात शिरांचा हा नकाशा आला. पुढे हाच माणूस दिएन बिएन फूच्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया करत होता. जंतांचा सुकाळ असलेल्या गरीब देशात यकृताची आतली रचना पहिल्यांदा नीट दिसावी, हे वऱ्हाडातल्या डॉक्टरांनी तरी लक्षात ठेवण्यासारखं.

तुंगच्या हातांची पद्धतही तशीच. यकृत सुरीनं चिरायचं नाही, बोटांनी चुरडायचं. चिंच कोळताना गर निघून जातो आणि शिरा बोटांत राहतात, तसं मऊ मांस चुरडलं जातं आणि रक्तवाहिन्या, पित्तनलिका ताणलेल्या दोऱ्यांसारख्या उरतात. एकेक बांधायची, मग कापायची. तैवानच्या लिन यांनीही पन्नाशीच्या दशकात हीच रीत वापरली. आता बोटांच्या जागी चिमटा आला, ध्वनिलहरींनी मांस फोडून शोषून घेणारं यंत्र आलं. तत्त्व तेच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दरवाजा उघडला. क्योतोच्या इचिओ होंजोंनी 1949 मध्ये यकृताची सबंध उजवी बाजू काढली, पण त्यांचा अहवाल जपानीत होता. त्यामुळे जगानं मान दिला पॅरिसच्या लोर्ता-जाकोबला, ज्यानं 1951 मध्ये तेच केलं आणि फ्रेंचमध्ये छापलं. मग 1957 मध्ये क्लोद क्विनोचं पुस्तक आलं. त्यानं शवांच्या यकृतात प्लास्टिक भरून, मांस विरघळवून, साचे काढले होते. त्यातून दिसलं की यकृताचे आठ तुकडे आहेत, प्रत्येकाची रक्ताची येती वाट आणि पित्ताची जाती वाट स्वतंत्र. म्हणजे एक तुकडा शेजाऱ्याला धक्का न लावता काढता येतो. आज मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात सर्जन ‘सहा-सात काढू’ किंवा ‘पाच ते आठ जाईल’ म्हणतात, ते क्विनोचे आकडे.

नकाशा मिळाला म्हणून माणसं लगेच वाचायला लागली असं झालं नाही. 1977 मध्ये फॉस्टर आणि बर्मन यांनी अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांतल्या 621 यकृत-शस्त्रक्रियांचा हिशेब काढला. शंभरात 13 रुग्ण शस्त्रक्रियेपायी गेले होते, मोठा भाग काढलेल्यांत शंभरात 20. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये 1991 ते 2001 या काळातल्या 1803 शस्त्रक्रियांत हे प्रमाण 3.1 वर आलं. या मधल्या वर्षांत सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञानं अधिक केलं असं माझं मत आहे. पुढून प्रिंगलची चिमटी असली तरी मागच्या शिरांतून रक्त उलटं येतं. भूलतज्ज्ञानं सलाइन हात राखून दिलं, महाशिरेतला दाब खाली ठेवला, तर ते उलटं येणं आटतं. शस्त्रक्रियेच्या ऐन वेळी रुग्णाला थोडं कोरडं ठेवायचं, ही जुन्या डॉक्टरांच्या अंगवळणी न पडणारी गोष्ट होती. जोडीला जपानी सर्जनांनी आणलेली सोनोग्राफी आली. तिचा हातात धरायचा भाग थेट उघड्या यकृतावर फिरवला की आतली शीर सुरीच्या किती जवळ आहे ते पडद्यावर दिसतं.

हे सगळं घडत असताना वलगावला काय होतं? अमरावतीचं इर्विन रुग्णालय होतं, बायकांसाठी डफरीन होतं. नागपूरला 1947 मध्ये मेडिकल कॉलेज निघालं होतं, ज्याला विदर्भ आजही नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो. पोटातला गोळा इर्विनमध्ये हाताला लागे, ‘मेडिकल’ला त्याचं नाव कळे. त्यापुढची पायरी दुर्मीळपणामुळे अडे. हेपॅटोब्लास्टोमा दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दीडच आढळतो. 2011 च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाखांच्या वर होती, त्यातली मुलं वेगळी काढली तर सबंध जिल्ह्यात वर्षाला एखादा रुग्ण, एखाद्या वर्षी एकही नाही. जिल्ह्यातला सर्जन कितीही तरबेज असला तरी जे ऑपरेशन त्याच्या उभ्या नोकरीत दोन-चारदा येईल त्यात हात बसणार कसा? अशा रोगाचे रुग्ण एका जागी गोळा झाले तरच ते जगतात. ती जागा परळला होती.

मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या मागे टाटांच्या विश्वस्त निधीतून उभं राहिलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं, तेव्हा खाटा 80 होत्या. विकृतिशास्त्राचं काम वसंत रामजी खानोलकरांनी उभारलं, शस्त्रक्रियेत गोव्याच्या अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव झालं. रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्या नावानं आहे. 1957 मध्ये रुग्णालय केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. गरिबाला परवडण्याची सोय तिथून पक्की झाली.

पण उपचार परवडला तरी मुंबई परवडत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला एकदा ऑपरेशन करून घरी जाता येत नाही. तपासण्या, त्यांचे निकाल, औषधाचे डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा डोस. एवढे दिवस दोन माणसांनी राहायचं कुठे, खायचं काय? परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपलेली कुटुंबं मुंबईनं कित्येक दशकं पाहिली आहेत. त्यांतल्या कितीतरी पिशव्यांवर अमरावती, अकोला, यवतमाळच्या कापडदुकानांची नावं असतात.

गाडगेबाबांना ही गोष्ट फार आधी दिसली होती. ऋणमोचनला पूर्णेकाठी त्यांनी यात्रेकरूंसाठी घाट आणि निवारा केला, पंढरपूरला 1917 मध्ये चोखामेळा धर्मशाळेचं काम काढलं, जी पुढे 1949 मध्ये त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू असं करत उत्तरायुष्यात ते मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी आले आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. तीर्थाच्या गावची धर्मशाळा दवाखान्याच्या दाराशी आणून ठेवणं, एवढीच ती चाल. माझ्या मते महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवेच्या इतिहासात तिला एखाद्या वॉर्डाइतकं मोल आहे. आपले वैद्यकीय इतिहासकार मात्र इमारत, यंत्रं आणि डॉक्टरांची नावं लिहितात. रुग्णाचा बाप रात्री कुठे झोपला, ते त्यांच्या लेखी नसतं. 8 नोव्हेंबर 1956 ला बाबांनी वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात अखेरचं कीर्तन केलं, ते ध्वनिमुद्रित आहे. सहा आठवड्यांनी वलगाव. त्यांच्या नावाच्या मिशननं, जे 1952 मध्ये स्थापन झालं होतं, पुढे दादर पूर्वेला टाटाच्या रुग्णांसाठी बहुमजली धर्मशाळा चालवली.

दादरहून परळ हाकेच्या अंतरावर. धर्मशाळेत जागा मिळते ती टाटाची फाइल पाहून. ओळखीपाळखीचा उपयोग नाही. एका खोलीत बिहारचं कुटुंब, शेजारी बंगालचं, त्यापलीकडे दर्यापूरचं. बायका एकमेकींच्या चपात्या पाहतात आणि आठवड्याभरात ‘तुमच्या पेशंटचे काउंट किती आले’ हे कुठल्याही भाषेत विचारायला शिकतात. काउंट म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा. तो कमी आला की पुढचा डोस लांबतो, आणि डोस लांबला की गावाकडची पेरणी, खुरपणी, वेचणी दुसऱ्याच्या भरवशावर जाते.

या वाटेवरचे दुसरे संत तुकडोजी महाराज. यावलीत जन्मलेले, मोझरीला राहिलेले, वऱ्हाडाचेच. ते स्वतः कर्करोगानं 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला गेले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. एका संताच्या नावे कर्करोगाचा दवाखाना, दुसऱ्याच्या नावे कर्करोगाची धर्मशाळा, आणि दोघंही अमरावती जिल्ह्यातले. वऱ्हाडी माणूस तपासणीचा कागद तुकडोजींच्या नागपुरात घेतो आणि रात्र गाडगेबाबांच्या दादरमध्ये काढतो.

लहान मुलांच्या बाबतीत हा मुक्काम किती लांबतो, आणि तो का सोसावा, ते पाहण्यासारखं आहे. हेपॅटोब्लास्टोमा बहुधा आईच्याच हाताला लागतो. ‘आंघोय घालतानी लेकराच्या पोटात कडक लागलं,’ एवढीच तक्रार. पोर खेळत असतं, कावीळही नसते. रक्तात अल्फा-फिटोप्रोटीन नावाचं द्रव्य पाहतात. रशियात 1963 आणि 1964 मध्ये आबेलेव्ह आणि तातारिनोव्ह यांनी यकृताच्या गाठीशी त्याचं नातं दाखवलं. या मुलांच्या रक्तात ते द्रव्य हजारो पटींनी चढलेलं असतं. जुन्या काळी सर्जन थेट पोट उघडत आणि गाठ पसरलेली पाहून पुष्कळदा तसंच शिवत. शंभरात तीसच्या आसपास मुलं वाचत. सिसप्लॅटिन आल्यावर युरोपातल्या डॉक्टरांच्या गटानं, सिओपेलनं, 1990 पासून उलटा क्रम धरला. आधी औषध, गाठ आटली की मग सुरी. गाठ किती पसरली ते मोजायला त्यांनी क्विनोचे आठ तुकडे चार भागांत बांधून पायऱ्या केल्या.

2009 मध्ये या गटाचा निकाल आला. कमी धोक्याच्या गाठींना एकट्या सिसप्लॅटिननं भागतं. दर चौदा दिवसांनी एक डोस, चार ऑपरेशनआधी, दोन नंतर. तीन वर्षांनी शंभरातली 95 मुलं जिवंत होती. आकडा वाचून कुणालाही हरखायला होईल. वलगावच्या आईच्या बाजूनं तो वाचला तर चौदा दिवसांचे सहा डोस म्हणजे बारा आठवडे, त्यात ऑपरेशन आणि ते भरून येण्याचे दिवस धरले की सगळा उन्हाळा किंवा सगळा खरीप मुंबईत जातो. राहायला जागा नसली तर तिसऱ्या डोसनंतर लोक गाडी पकडतात, ‘पोर बरं दिसते’ म्हणतात आणि परतत नाहीत. गाठ मात्र परतते. म्हणून 95 या आकड्यात मी धर्मशाळेच्या खोलीचाही वाटा धरतो. 2006 पासून मुंबईत काम करणारी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी अशी घरं चालवते. तिचा मूळ विचार बाबांच्या जे.जे.च्या धर्मशाळेतला आहे, तिच्या चालकांनी तो तिथून घेतला असो वा नसो.

सिसप्लॅटिनचा एक डंख आहे. कान जातात. जगलेल्या मुलांत निम्म्याहून जास्त जणांना ऐकू कमी येऊ लागलं. 2018 मध्ये सिओपेलनंच एक उपाय छापला: डोसनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट द्यायचं. कान बिघडलेल्यांचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 33 वर आलं. हे रसायन म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूमचा हायपो. फोटो पक्का करायला अमरावतीतल्या प्रत्येक स्टुडिओत त्याचं भांडं असायचं.

गाठ औषधानं आटूनही कापण्याजोगी न झाल्यास सगळं यकृत काढून दुसरं बसवतात. थॉमस स्टार्झलचं पहिलं यकृत-प्रत्यारोपण 1963 मध्ये टेबलावरच फसलं. 1967 मध्ये ज्या मुलीनं पहिल्यांदा वर्ष ओलांडलं, तिला यकृताचा कर्करोगच होता आणि शेवटी तिला नेलं तेही त्यानंच. भारतात 1994 चा अवयव-प्रत्यारोपण कायदा आल्यानंतर, 1998 च्या नोव्हेंबरात दिल्लीत पहिलं यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झालं. रुग्ण 20 महिन्यांचं बाळ होतं, देणारा बाप.

पैशाचा उरलेला प्रश्न सुटायला 2012 उजाडलं. 2 जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात अमरावती होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घराला वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि औषधांसह. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, पुढे मर्यादा पाच लाखांवर गेली. तेव्हापासून पेशंटच्या पिशवीत सीटी स्कॅनच्या फिल्मइतकंच जपून ठेवलेलं रेशनकार्ड असतं. त्यात बाळाचं नाव चढवलेलं नसलं तर पहिला आठवडा तहसीलच्या चकरांत जातो. दीड वर्षाच्या लेकराचं नाव चढवायची घाई कोण करतं?

फायब्रोलॅमेलरची कहाणी इतकी पुढे गेलेली नाही. तिच्यात 2014 मध्ये एक मोठी भर पडली. एलाना सायमन या अमेरिकन मुलीला बाराव्या वर्षी हा रोग झाला, शस्त्रक्रियेनं ती बरी झाली, आणि शाळेत असतानाच तिनं वडिलांच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत, आपल्या सर्जनच्या साथीनं, या गाठींची जनुकं तपासायचं काम हाती घेतलं. तपासलेल्या 15 च्या 15 गाठींत एकच खोट निघाली. एकोणिसाव्या गुणसूत्रातली सुमारे चार लाख अक्षरं गळाली होती आणि दोन जनुकं सांधली जाऊन एक भलतंच प्रथिन तयार होत होतं. तिचं नाव ‘सायन्स’मधल्या त्या निबंधाच्या लेखकांत आहे. या सांध्यावर नेम धरणाऱ्या औषधांच्या आणि लशीच्या चाचण्या चालू आहेत. तोवर भिस्त प्रिंगल, तुंग आणि क्विनो यांच्यावरच.

आणि हा रोग परत येतो, पाच वर्षांनी येतो, त्यानंतरही येतो. आला तरी पुन्हा कापतात, कारण उरलेलं यकृत निरोगी असतं आणि भरून आलेलं असतं. हेपॅटोब्लास्टोमाच्या मुलाची पहारेदारी सोपी आहे: रक्त अमरावतीत द्यावं, अल्फा-फिटोप्रोटीनचा आकडा फोनवर मुंबईला कळवावा, चढला नाही तर जायची गरज नाही. फायब्रोलॅमेलरमध्ये हा आकडा बहुधा पहिल्यापासूनच चढत नाही, त्यामुळे रक्तावर विसंबता येत नाही, स्कॅनच लागतो आणि तो या गाठी रोज पाहणाऱ्या डोळ्यांनी वाचावा लागतो. म्हणून ऑपरेशन होऊन पोटावरचा व्रण पांढरा पडलेला तरुण आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षानं बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसतो, सकाळी दादरला उतरतो आणि टाटाच्या खिडकीवर नंबर लावण्याआधी धर्मशाळेत फाइल दाखवून खाट मागतो.